‘चालु’ म्हणजे पुरे

आईचा पासपोर्ट आला त्या दिवशी तिने तो आधी देवापुढे ठेवला. मग चष्मा लावून स्वतःचा फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "मतदान कार्डापेक्षा बरा आलाय." वय बहात्तर. आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास काशीचा, तोही भजनी मंडळाच्या बसने, सोबत बाजरीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. आणि आता दिवाळी उरकली की नोव्हेंबरात आम्ही दोघी मायलेकी दहा दिवस जपानला निघणार होतो.

जपानच का, हे सोलापुरात मला जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. बँकेतला सहकारी म्हणाला, "काय करूलालाव मॅडम जपानला जाऊन? दुबईला जावा की, मराठीत बोलणारा गाईड भेटतो." त्याचं बरोबरच होतं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी मात्र फाटकाशी थांबून शांतपणे म्हणाले, "कोटणीसांच्या गावच्या तुम्ही, आणि जपानला?"

हे मला लागलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. जन्म १९१० चा. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा, १९३८ साली, भारतातून पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं, त्यात ते होते. जपानी गोळ्या लागलेल्या सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या जन्मघराच्या स्मारकात एकदा जाऊन आल्याचं आठवतं. गुरुजींना काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. "जाऊन बघते," एवढंच म्हटलं. पण त्या रात्री वाटलं, कोटणीसांकडे निघताना काय असेल? ना भाषेचं पुस्तक, ना रीतिरिवाजांची यादी. माझ्याकडे यादी होती. तिच्यात एकतीस नियम होते.

यादी भाचीची. ती पुण्यात जपानी शिकते, रविवारी मैत्रिणींबरोबर पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात जाऊन त्या तळ्याकाठी जपानीत गप्पा मारायचा सराव करते. तिने फोनवर पाठवलेली यादी मी छापून आणली आणि फ्रिजवर लावली. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. टिप द्यायची नाही. पैसे हातात न देता काउंटरवरच्या ताटलीत ठेवायचे. कचरा पिशवीत जपून हॉटेलवर आणायचा, रस्त्यावर कचराकुंडी सहसा मिळत नाही. रोज संध्याकाळी चहाबरोबर पाच नियम, असा मी अभ्यासक्रम आखला. आई दुसऱ्या दिवशी त्यातला एकही सांगू शकली नाही. मी चिडले. ती म्हणाली, "अगं, का ते सांग ना. का कळलं की राहतं डोक्यात. नुसतं पाठ करायला मी काय शाळेत आहे?"

मग आम्ही ‘का’च्या मागे लागलो. तिथे आई माझ्या पुढे निघाली.

भातात चॉपस्टिक उभ्या खुपसायच्या नाहीत, हा नियम मी वाचला. कारण तिकडे मेलेल्या माणसापुढे भाताची वाटी ठेवतात, तिच्यात त्या तशा उभ्या असतात. आईने लगेच मान हलवली. "पिंडासारखं दिसत असणार. नको बाई." एकाने आपल्या काड्यांनी दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर घरची माणसं अस्थी तशाच, काड्यांनी एकमेकांकडे देत उचलतात. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. बाबांच्या अस्थी गोळा करायला माझा भाऊ गेला होता, ती घरीच होती. "सगळे मिळून उचलतात?" तिने विचारलं. "बायका पण?" म्हटलं, हो. "बरं आहे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तिकडच्या पारंपरिक मुक्कामात युकाता नावाचा सुती झगा देतात. तो नेसताना डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. उलटं नेसवतात ते फक्त प्रेताला. "म्हणजे सव्य-अपसव्य," आई म्हणाली. श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर येतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, त्यामुळे हेही शिकवावं लागलं नाही. जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणायचं, तर "वदनि कवळ घेता". जेवण झाल्यावर करणाऱ्याचे आभार मानायचे, तर "अन्नदाता सुखी भव". एकतीसपैकी तेरा नियम तिने अर्ध्या तासात खिशात घातले. मी थक्क.

आकड्यांचं प्रकरण मात्र चिघळलं. जपानीत चार या आकड्याचा एक उच्चार ‘शि’, आणि मृत्यूलाही ‘शि’. म्हणून भेटवस्तू चारच्या संचात देत नाहीत. चार हुतात्म्यांच्या आमच्या गावाला हे पटायला जरा जड. पण भेट तर द्यायची होती. भाचीच्या जपानी बाई ओसाकाजवळ राहतात, त्यांनी आम्हाला एक दिवस घरी बोलावलं होतं. सोलापूरहून काय न्यायचं, यावर चर्चेची गरज नव्हती. चादर वजनाला भारी, म्हणून नॅपकिन. शिवाय भाचीने सांगितलेलं की तिकडे बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं, प्रत्येकजण पर्समध्ये छोटा टॉवेल बाळगतो. सोलापूरच्या टेरी टॉवेलला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? तरी म्हटलं, त्यांच्याकडे इमाबारी नावाचं गाव टॉवेलसाठीच प्रसिद्ध आहे, आपण त्यांना टॉवेल द्यायचा म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का भेट देण्यासारखं. आई म्हणाली, "मग बरंच की. ज्याला टॉवेल कळतो त्यालाच द्यावा."

चाटी गल्लीतल्या दुकानदाराने चारचं पाकीट पुढे केलं. आई म्हणाली, चार नको, तिकडे चार वाईट. त्याने एक काढून तीनचं केलं. आई म्हणाली, तीन नको, इकडे तीन वाईट. दुकानदाराने आमच्याकडे, मग पाकिटाकडे पाहिलं. "मावशी, दोन्ही देशाला चालंल असं किती करू?" शेवटी पाच ठरले. घरी येऊन भाचीला फोन केला तर ती किंचाळलीच. जपानात ताटल्या-वाट्यांचे संच पाचाचेच असतात म्हणे. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो देश तिनेच वसवला आहे.

सामानाची बाकी तयारी सांगण्यासारखी नाही. तिकडची वीज १०० व्होल्टची, पिन दोन चपट्या पट्ट्यांची, तो अडॅप्टर घेतला. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याभराच्या आतल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्यावर तिकडे कडक मर्यादा आहे, म्हणून त्या घरीच. व्हिसाच्या अर्जाबरोबर रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, कुठल्या तारखेला कुठे, कुठल्या हॉटेलात, फोन नंबर काय. आई म्हणाली, एवढं तर लग्नाच्या याद्या करतानाही कुणी विचारत नाही.

खाण्याचं मात्र सांगितलंच पाहिजे. आम्ही शाकाहारी, आणि जपानात ही सोपी गोष्ट नाही. तिथली अडचण मांसाची कमी, पाण्याची जास्त. म्हणजे रश्शाच्या पाण्याची. त्याला दाशी म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा वाळवून, धुरी देऊन, किसलेल्या बोनितो माशाची असते. सूपमध्ये ती, शेवयांच्या रश्शात ती, उकडलेल्या भाजीत ती. वरून पाहिलं तर ताटात नुसता टोफू आणि पालक. माणूस बिनधास्त खातो. आईला मी म्हटलं, "मासा दिसणार नाही, पण असेल." तिला हे फार लबाडीचं वाटलं. मी म्हटलं, लबाडी नाही, त्यांच्या लेखी तो मासा नाहीच, चव आहे. आपल्या आमटीतला हिंग कुणी मोजतं का? त्यावर उपाय म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, भाचीने जपानीत एक कार्ड लिहून दिलं. दोन, कोयासानच्या डोंगरावर, मंदिरातल्या धर्मशाळेत दोन रात्री धरल्या. तिथे भिक्खूंचं जेवण मिळतं. मांस-मासा नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, दाशी समुद्रातल्या शेवाळाची आणि अळंब्यांची. "चातुर्मास आहे म्हणा की त्यांच्याकडे बाराही महिने," आई म्हणाली. तरी कडक भाकरीचे दोन पुडे आणि शेंगाचटणीची पिशवी बॅगेच्या तळाशी गेलीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते. ती विमानासाठीच शोधून काढली असावी, असा आमच्याकडे समज आहे.

कोयासानवर आणखी एक गोष्ट आहे, जिने आईला पार वेड लावलं. तिथल्या मोठ्या स्मशानभूमीत दगडी स्तूपांवर संस्कृत बीजाक्षरं कोरलेली असतात, आणि त्या लिपीचं नाव ‘सिद्धम्’. जिच्या आयुष्यातला प्रत्येक सोमवार सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी गेला, तिला हे नाव ऐकून काय झालं असेल? शिवाय तिथे होमासारखा होम होतो, त्याला ‘गोमा’ म्हणतात. शिकोकू बेटावर ८८ देवळांची परिक्रमा आहे. आमच्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती ६८ लिंगं स्थापली, त्यांची आम्ही प्रदक्षिणा करतो. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन होऊन वीणेसारखं वाद्य घेऊन बसली आहे. आणि गणपतीही आहे! तोक्योच्या असाकुसा भागात एका देवळात. आईने डोळे मिटून हात जोडले. "मग काय परका देश म्हणायचा? आपलंच आहे सगळं."

खरं सांगते, इथे मला पहिल्यांदा भीती वाटली.

कारण मी त्या गणपतीबद्दल पुढचं वाचलं होतं. कांगितेन त्याचं नाव. त्याची मूर्ती दाखवत नाहीत. ती बंद असते, गुप्त असते, सामान्य भक्ताला दर्शन नाही. नैवेद्याला चक्क मुळा. आणि आम्ही कुठले, तर ज्या गावात आजोबा गणपती १८८५ पासून, म्हणजे टिळकांच्याही आधीपासून बसतो असं छातीठोकपणे सांगतात तिथले. गणपती म्हणजे चौकात, मांडवात, ढोलात, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. आई त्या देवळात शिरून पुजाऱ्याला "दर्शन, दर्शन" करत आत जायला बघणार, हे मला लख्ख दिसलं. वेगळ्या गोष्टींची मला काळजी नव्हती. ट्रेनमध्ये बोलायचं नाही हे वेगळं आहे म्हणून तिच्या लक्षात राहील. ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींत ती पाय घसरून पडणार होती.

चपलांचंच बघा. चपला बाहेर काढायच्या, हे आम्हाला काय शिकवायचं? पण आपण दारात चपलांचा ढीग करतो आणि अनवाणी आत येतो. तिथे उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर चप्पल काढून पाय जमिनीला न लावता वर ठेवायचा, जोड दाराकडे टोक करून वळवायचा, आतल्या सपाता घालायच्या, चटईच्या खोलीशी त्याही काढायच्या, संडासात तिथल्याच वेगळ्या घालायच्या आणि बाहेर येताना आठवणीने तिथेच सोडायच्या. आंघोळीचंही तसंच. गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग कुंडात नुसतं बसायचं. "म्हणजे आंघोळ करून आंघोळीला जायचं," आई म्हणाली. (संडासात पाण्याचा फवारा असतो, ही बातमी मी मुद्दाम शेवटी राखून ठेवली होती. तिची अर्धी चिंता तिथेच मिटली.)

आणि भाषा! भाची म्हणाली, जपानीत ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात आणि नकाराला ‘नाय’ येतं. आई हसून हसून लोळली. तिच्या बार्शीकडच्या माहेरी दुसरं काय म्हणतात? "पाणी हाय का?" "हाय." "दूध?" "नाय." तिला वाटलं जपानी येतंच. भाचीने फोनवरून हळूच सांगितलं, "आजी, पण त्यांचं ‘हाय’ म्हणजे नेहमी ‘हो’ नसतं. पुष्कळदा नुसतं ‘ऐकतेय’ एवढंच. आणि ‘तुम्ही येणार नाही ना?’ असं विचारलं आणि यायचं नसेल, तर ते ‘हाय’ म्हणतात."

आई हसायची थांबली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे चालु-चालु."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, पण मला तिचा अर्थ त्या दिवशी लागला. १९७३ साली, दुष्काळानंतरच्या वर्षी, आई लग्न होऊन सोलापुरात आली. बाबा गिरणीत. खोली मिळाली पूर्व भागात, जिथे सगळी गल्ली तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची. मागाचा खडखडाट पहाटेपासून, आणि कानावर फक्त तेलुगू. वीस वर्षांची मुलगी, एक शब्द कळत नाही. शेजारच्या अक्कांना तिने पहिल्यांदा जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली. दोन पोळ्या झाल्यावर अक्का हात आडवा धरून म्हणाल्या, "चालु, चालु." आईला वाटलं, वा, पहिला मराठी शब्द! चालू म्हणजे चालू द्या. तिने वाढली. अक्का, "चालु!" तिने आणखी वाढली. अक्का संकोचून खात राहिल्या, ताटात टाकायचं कसं? सहाव्या पोळीला अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांचा मुलगा दारातून ओरडला, "अहो, चालु म्हणजे पुरे!"

तेलुगूतले जे शब्द अजिबात कळत नव्हते, त्यांनी तिला कधी फसवलं नाही. ते आले की ती थांबून खूण विचारायची. फसवलं ते ओळखीच्या वेषात आलेल्या शब्दाने. हे माझ्या आईला पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं आणि मी यादी छापत बसले होते. त्या संध्याकाळी एकतीस नियमांचा कागद मी फ्रिजवरून काढला. मागच्या कोऱ्या बाजूला आईने स्वतःची यादी करायला घेतली. वर लिहिलं ‘चालु’. खाली: हाय. चपला. गणपती. आंघोळ. टोफू. मग भाचीकडून एक शब्द मागून घेतला, पानात वाढणाऱ्याला थांबवायचा. भाची म्हणाली, ‘केक्को देसु’. म्हणजे पुरे, नको. पण प्रसंगी त्याचाच अर्थ ‘छान आहे’ असाही होतो. आईने कपाळावर हात मारला आणि तोही यादीत घातला.

गोंदणाचं राहिलंच. गरम पाण्याच्या कुंडांवर तिकडे बऱ्याच ठिकाणी गोंदलेल्या माणसांना प्रवेश नसतो, कारण गोंदण म्हटलं की तिथे गुन्हेगारांच्या टोळ्या आठवतात. आईच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन आहे, मनगटाशी तीन ठिपके. मी हे जितकं हळू सांगता येईल तितकं सांगितलं. "मला गुंड समजतील?" ती म्हणाली. बराच वेळ ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. काही ठिकाणी त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून जाऊ देतात, मी ती मागवायला निघाले होते. ती म्हणाली, "तुळशीवर चिकटपट्टी नाही लावायची. तू ये जाऊन, मी बाहेर बसते." आवाज असा की पुढे बोलायची सोय नव्हती. काही मुक्कामांत कुटुंबापुरतं लहान कुंड तासाच्या हिशेबाने मिळतं, तसं एक मी धरून ठेवलं, तिला अजून सांगितलेलं नाही. मायलेकींनी एका कुंडात उघडं बसायचं, याची तयारी खरं तर माझीच व्हायची आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अक्कांचा निरोप घ्यायला गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे. माग कधीच बंद झाले, मुलगा दुकान बघतो. आम्ही येणार म्हणून सुनेकडून चिंचेचा भात करवून घेतला होता. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबई, हे आईने तीनदा सांगितलं. मग गोंदणाची तक्रार केली. ते तुळशीवृंदावन गड्ड्याच्या जत्रेत काढलेलं, संक्रांतीला, आईच्या सोलापुरातल्या पहिल्या वर्षी. नेलं होतं अक्कांनीच. गोंदणारीशी घासाघीसही त्यांनीच केली आणि तसंच्या तसं स्वतःच्याही हातावर काढून घेतलं.

अक्कांनी सगळं ऐकलं. बाही वर करून स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यावरचं वृंदावन आता सुरकुत्यांत मिसळून निळसर डागासारखं दिसतं.

"असं असंल तर मी पण नाय येत," त्या म्हणाल्या, जणू त्यांचंही तिकीट काढलं होतं.

आणि आईच्या ताटात भात वाढला. आईने हात आडवा धरला, "चालु, अक्का, चालु."

अक्कांनी आणखी वाढला.